न गेलेला पाहुणा

आपल्या ग्रामीण कादंबरीत उपरा माणूस गावात येतो कसा, हे आपण पुष्कळ वाचले. तो राहतो कसा, हे मात्र फारसे कुणी लिहिले नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा हे पुस्तक माझ्या वळकटीत होते. मास्तराभोवती वाडी हळूहळू जमते, तालीम उभी राहते आणि अंजीच्या चोळीवरून कारभारी मास्तरावर रुसतो. माडगूळकरांची नजर किती बारीक, ते इथे कळते. पाहुण्याशी कुणी अबोला धरीत नाही. त्यासाठी माणूस घरचा व्हावा लागतो! पण पुढे दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, मास्तर निघतो. हा वीस वर्षे राहिला असता तर, या प्रश्नातून लेखक सुटतो.

कादंबरीबाहेर माणसे राहिली आहेत. अमेरिकेच्या मॅक्सीन बर्नसन फलटणला आल्या, तिथल्या बोलीवर प्रबंध लिहिला, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. मिनियापोलिसच्या गेल ऑम्व्हेट तर सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी पाटणकरांच्या सूनबाई झाल्या. गेलच्या शलाका झाल्या, १९८३ साली नागरिकत्व घेतले आणि २०२१च्या ऑगस्टात कासेगावातच त्यांनी डोळे मिटले.

अशा बाईवरची मराठी कादंबरी मी तरी वाचलेली नाही. कारण उघड आहे. ती लिहायची तर गावाचीच झडती घ्यावी लागेल. सातासमुद्रापलीकडच्या बाईला ओसरीवर पाट मिळतो. वेशीबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्याला तो मिळत होता काय? गेलबाईंनी जन्मभर लिहिले ते या पाट न मिळालेल्यांविषयी. आम्ही ग्रामीण लेखक मात्र गावाच्या मायेवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची घालतो.

दुसऱ्यांना कशाला बोलू? माझ्या पहिल्या कादंबरीत मीही शेवटी मास्तराची बदली करून टाकली. वाचकांनी डोळे पुसले, मला कौतुकाची पत्रे आली. खरा मी अठरा वर्षे त्याच गावात आहे. यंदाच्या पोळ्याला शेजारच्या आजींनी जेवायला बोलावले. पोळी वाढता वाढता म्हणाल्या, “गुरुजी, तुमचं गाव कोणचं म्हणलात?” आणि उत्तराची वाट न पाहता तूप ओतले.