आडनाव, गाव आणि लष्करी नोंद : कुलवृत्तान्त-वाङ्मयाची एक मर्यादा

खालापूर तालुक्यातील चौक हे नेताजी पालकराचे गाव मानले जाते. ही परंपरा ग्राह्य धरली तर तिच्यातूनच एक प्रश्न निघतो. चौकचा पुरुष पालकर कसा? '-कर' हा प्रत्यय ज्या ग्रामनामास लागतो त्या गावाशी कुळाचा संबंध दाखवितो, आणि हे ग्रामनाम चौक नव्हे. शेजारच्या सुधागड तालुक्यातील पाली चटकन सुचते. परंतु ईकारान्त ग्रामनामापुढे हा प्रत्यय आला असता ईकार सामान्यतः टिकून राहतो. सांगलीकर, आळंदीकर, रत्नागिरीकर ही रूपे पाहावीत. आकारान्त नामांतील अंत्य स्वर मात्र गळतो : सातारा, सातारकर. या नियमाने पालकर हे रूप पालीपेक्षा पाल या नावाकडे बोट दाखविते, आणि पाल नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. तेव्हा आडनावावरून चौकच्या पालकरांचे मूळ स्थान निश्चित होत नाही. निश्चित होते ते इतकेच की, हे कुळ चौकास येण्यापूर्वी अन्यत्र होते. चौकात राहणाऱ्याला कोणी चौककर म्हणत नाही. गाव सुटल्यावर गावाचे नाव माणसाला चिकटते. '-कर'प्रत्ययान्त आडनाव म्हणजे वास्तव्याची नव्हे, स्थलांतराची नोंद होय.

व्याकरणातील ही लहानशी बाब कुलवृत्तान्त नावाच्या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी जाऊन भिडते. गेल्या शतकात गोखले, केळकर, बापट इत्यादी घराण्यांचे कुलवृत्तान्त परिश्रमपूर्वक सिद्ध झाले. एक आडनाव, एक गोत्र, एक मूळ पुरुष, त्यापासून निघालेल्या शाखा आणि प्रत्येक शाखेतील व्यक्तींची जन्म, शिक्षण, विवाह, व्यवसाय यांची माहिती असा त्यांचा साचा आहे. या संपादकांची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. घरोघरी पत्रे धाडून, जुनी टिपणे व तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळून त्यांनी जी सामग्री जमविली, तिच्यावाचून समाजेतिहासाच्या अभ्यासकाचे पाऊल अडखळले असते. तथापि हा साचा ज्या समाजात घडला त्या समाजात लेखन होते, गोत्र होते आणि आडनाव पिढ्यान् पिढ्या स्थिर राहिले होते. जेथे या तिन्ही गोष्टी नव्हत्या तेथे तोच साचा लावला, तर घराण्याचा शोध लागण्याऐवजी ते हातचे निसटते. लष्करात पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेल्या कोकणी घराण्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. कुलवृत्तान्तात सरदार येतो, क्वचित शिलेदार येतो. शिपाई येत नाही.

राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'त उत्तर कोकणातील कुळे, त्यांची गोत्रे व दैवते यांच्या याद्या आहेत. त्या याद्यांवर राजवाड्यांनी जो विचार केला त्यात ग्रामनामाला त्यांनी पुराव्याचे स्थान दिले. ही दृष्टी पुढे कुलवृत्तान्तकारांनी उचलली असती तर बरे झाले असते. त्यांनी याद्यांचा साचा घेतला, नामविचार घेतला नाही.

नेताजीचेच उदाहरण पुढे नेता येते. १६६६ मध्ये तो शिवाजी महाराजांपासून दुरावला, विजापूरकरांकडे व तेथून मोगलांकडे गेला. पुढे कैद होऊन १६६७ मध्ये त्याचे धर्मांतर झाले आणि महंमद कुली खान या नावाने त्याची रवानगी काबूलच्या बाजूस झाली. १६७६ मध्ये तो परतला व शुद्ध करून घेण्यात आला. जो संशोधक पालकर हे आडनाव हाती धरून चालेल, त्याला या पुरुषाच्या आयुष्यातील सुमारे नऊ वर्षे रिकामी दिसतील. आणि महंमद कुली खानाच्या मोगली चाकरीची नोंद वाचणाऱ्याला हा मनुष्य सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे याची शंकाही येणार नाही. सरनौबताच्या बाबतीत इतिहासकारांनी हे दोन धागे जोडले, कारण मनुष्य मोठा होता. शिपायाचे धागे जोडण्यासाठी कोण बसणार?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला निराळे वळण लागते. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतील महार शिपायांची नावे 'नाक'प्रत्ययान्त असून एका नाकान्त नावापुढे दुसरे नाकान्त नाव येते. दुसरे नाव पित्याचे हे उघड आहे. आडनाव नाही. म्हणजे दोन पिढ्या दगडावर आहेत, कुळ नाही. 'नाक' हे पद नायक या शब्दाशी जोडण्याची प्रथा आहे; ती व्युत्पत्ती मान्य असो वा नसो, पुढील पिढ्यांत हे पद मागे पडून मालोजी, रामजी अशी 'जी'कारान्त नावे पुढे आलेली दिसतात, हे अधिक महत्त्वाचे आहे. स्तंभावरील एखाद्या नाकान्त पुरुषाचा नातू पलटणीच्या कागदात 'जी' लावून उभा असेल, तर नावाच्या रूपावरून आजा-नातवाची गाठ पडणे जवळजवळ अशक्य होय.

या काळातील लष्करी घराण्याचे सर्वांत सुपरिचित उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. आजोबा मालोजी सकपाळ लष्करात, वडील रामजी सुभेदार. आईचे माहेर मुरबाडकरांचे. धनंजय कीरांच्या चरित्रात भीमाबाईंचे वडील आणि सहा चुलते हे सर्व लष्करात सुभेदार मेजर असल्याचे नमूद आहे. मुरबाड हा कर्जतला उत्तरेकडून लागून असलेला तालुका. म्हणजे कर्जतच्या वेशीवर, घाटाखाली, एकाच घरातील सात भावांनी पलटणीत इतका मोठा हुद्दा गाठल्याची ही नोंद आहे, आणि त्या घराचा कुलवृत्तान्त मराठीत नाही. कीर काय किंवा चांगदेव खैरमोडे काय, दोघांचीही चरित्रे आपल्या परीने मोलाची आहेत. परंतु दोघांच्याही दृष्टीने हे घराणे नायकाची पार्श्वभूमी म्हणून येते, स्वतंत्र विषय म्हणून नव्हे. चरित्रलेखकाला तो दोष लावता येणार नाही. दोष असेल तर त्यांच्यानंतर आलेल्या अभ्यासकांचा.

याच घराण्यात आडनावाचे काय झाले ते पाहावे. कुळाचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, त्यावरून नियमाने होणारे रूप आंबडवेकर, आणि सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी झालेली नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. आंबेडकर हे रूप एका शिक्षकामुळे रूढ झाले अशी प्रचलित हकीकत आहे. ती कशीही असो, भाषेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, दोन पिढ्यांच्या अवधीत आडनाव पार पालटले, व्यक्तिनाम भिवाचे भीमराव झाले, आणि मधले 'रामजी' मात्र अढळ राहिले. सकपाळ या आडनावाखाली कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याला हा पुरुष सापडणार नाही. पित्याच्या नावाने शोधणाऱ्याला सापडेल.

आडनाव कायम राहूनही व्यक्तिनामे बदलल्याने माग हरवतो, याचे उदाहरण कुलाब्याच्याच किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजात मिळते. कंपनीच्या फौजेतील शमुवेल येहेज्केल दिवेकर हा टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि १७९६ मध्ये त्याने मुंबईत सिनेगॉग बांधले. पण त्याचे व्यवहारातील नाव सामाजी हसाजी. शमुवेलचा सामाजी आणि येहेज्केलचा हसाजी झाला. प्रार्थनेत एक नाव, पलटणीत दुसरे. हाइम शमुवेल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला, पण १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेलेला समाजाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. केहिमकर स्वतः किहीमचे. आडनावातील स्वर त्यांच्या गावच्या नावाशी आज जुळत नाही, हेही येथे नमूद करण्यास हरकत नाही. त्यांच्या समाजाला लष्करी चाकरी हा अभिमानाचा विषय होता, त्यामुळे त्यांच्या ग्रंथात तिला जागा मिळाली. ब्राह्मणी कुलवृत्तान्तात ज्याला जागा नव्हती ते येथे आहे.

पहिल्या महायुद्धापाशी आल्यावर तुलनेसाठी दूर जावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या युद्धाचा अधिकृत इतिहास चार्ल्स बीन याच्या संपादकत्वाखाली १९२१ ते १९४२ या काळात बारा खंडांत निघाला. त्याच्या तळटीपा हे त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. मजकुरात एखाद्या साध्या शिपायाचे नाव आले की खाली त्याचा क्रमांक, तुकडी, धंदा, राहण्याचे गाव, जन्मस्थान आणि मेला असल्यास मृत्यूची तारीख दिलेली असते. मेंढ्या कातरणारा, कारकून, खाणकामगार सेनापतीच्या बरोबरीने तळटीपेत येतो. शिवाय भरतीच्या वेळी जवळच्या नातलगाचे नाव लिहून घेतलेले आणि ते कागद राष्ट्रीय दप्तरात जतन झालेले. त्यामुळे सिडनीच्या एखाद्या कुटुंबाला पणजोबा गॅलिपोलीत कोठे पडला, हे घरबसल्या शोधता येते. तेथे शिपायाला कुलवृत्तान्ताची गरज पडत नाही. राज्यानेच तो अर्धा लिहून ठेवला आहे.

कोकणच्या शिपायाचे तसे झाले नाही. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. कैदेच्या वाटेवर असंख्य माणसे मेली. मेसोपोटेमियात ज्यांची थडगी नाहीत त्यांच्यासाठी बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपाई मात्र पलटणीपुढे संख्येच्या रूपाने आले आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात ही विषमता कबूल केली. त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयातील पंजाबच्या भरतीची गावनिहाय रजिस्टरे संगणकावर आली, आणि सुमारे तीन लक्ष वीस हजार शिपाई आपापल्या गावासह दृष्टीस पडले. ती पंजाबपुरती आहेत. कर्जतच्या एखाद्या कुळवाड्याचा मुलगा बसऱ्याच्या भिंतीवर आज एका आकड्याचा भाग आहे.

अशा वेळी संशोधकाने काय धरून चालावे? गाव हा दुसरा आधार, परंतु तोही सरळ नाही. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात कर्जत हा ठाण्याचा तालुका आहे आणि खालापूर त्याच्याखालचा पेटा. पुढे कर्जत कुलाब्यात गेले, खालापूर स्वतंत्र तालुका झाला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. म्हणजे एकाच घरातील आजा 'जिल्हा ठाणे', मुलगा 'जिल्हा कुलाबा' आणि पणतू 'जिल्हा रायगड' अशा तीन नोंदींत विखुरला जाऊ शकतो, आणि तिघेही एकाच ओटीवर जन्मलेले असतील. कुलाब्याच्या यादीत नाव नाही म्हणून त्या गावातून पूर्वी कोणी गेलेच नाही असा निष्कर्ष काढणे हा या क्षेत्रातील सर्वांत सोपा प्रमाद होय.

दुसऱ्या महायुद्धात नोंद सुधारली. लिपीने नवा गोंधळ घातला. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. तुकडीतील त्यांच्याखेरीज सर्वजण मेले वा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने यंत्रतोफेच्या ठाण्यावर चाल केली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगे नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. पण ते रोमन लिपीत. तेथील अक्षरांवरून घाडगे वाचावे, घडगे वाचावे की मराठीत अधिक परिचित असलेले घाटगे कल्पावे, हे मूळ माहीत नसणाऱ्याला सांगता येणार नाही. इटलीतच एप्रिल १९४५ मध्ये हाच सन्मान मिळविणाऱ्या नामदेव जाधव यांचे आडनाव इंग्रजी साधनांत कधी वकारान्त, कधी ओकारान्त लिहिलेले आढळते. पदक मिळालेल्यांची ही अवस्था, तर इतरांची काय असेल? रोमन लिपीतील यादीवरून मराठी आडनावे परत उभी करणे हे भाषाशास्त्राचे काम आहे आणि ते अद्याप कोणी पद्धतशीरपणे हाती घेतलेले नाही.

कर्जतमध्ये मात्र त्या युद्धाची स्मृती निराळ्याच दिशेला वळली. तालुक्याच्या सीमेवरील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याची कथा या भागात आजही सांगितली जाते, दर वर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात. त्याच काळात त्याच जिल्ह्यातील तरुण सरकारच्या पलटणीत परदेशी लढत होते. एकाच्या स्मृतीसाठी दुसऱ्याची नोंद पुसावी असे नाही. पण स्वातंत्र्योत्तर काळात पलटणीतल्या माणसाविषयी घराबाहेर फारसे कोणी बोलले नाही, आणि जे बोलले जात नाही ते लिहिले जात नाही.

हुतात्म्यांच्या नावांकडे कुलवृत्तान्तकाराने जरूर पाहावे. कोतवाल हे पद, पाटील हेही पद. कर्जत-खालापुरात पाटील हे आडनाव आगरी, कुणबी, मराठा अशा वेगवेगळ्या समाजांत आढळते, त्यामुळे त्यावरून कुळ ठरत नाही. 'हिराजी गोमाजी' यातून मात्र पिता कळतो, आणि गोमाजीच्या वडिलांचे नाव गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत किंवा सातबाराच्या जुन्या फेरफारात शोधता येते. तेथून वर चढण्याचा मार्ग हाच आहे. शाळेचे रजिस्टर, फेरफार, निवृत्तिवेतनाचा कागद आणि पलटणीची यादी ही चार साधने पित्याच्या नावाने व गावच्या नावाने एकमेकांस लावून पाहावीत. आडनाव सर्वांत शेवटी तपासावे.