मानसिक प्रतिमांच्या प्रश्नावलींचे भाषिक रूपांतर : फ्रेंच अनुभव आणि रानशेतचा संदर्भ

प्रस्तावना :
समोर नसलेल्या व्यक्तीचा चेहरा मनात 'दिसणे' या अनुभवास मानसशास्त्रात मानसिक प्रतिमा असे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवावयास सांगून ते मनात किती स्पष्ट दिसते, असे विचारले होते. पुढे बेट्स (१९०९), शीहान (१९६७) आणि डेव्हिड मार्क्स (१९७३) यांच्या प्रश्नावली आल्या. २०१५ मध्ये झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनात चित्रच न उमटणाऱ्या व्यक्तींच्या स्थितीस 'अफँटेशिया' हे नाव दिले आणि या प्रश्नावलींकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. मात्र त्या मुळात इंग्रजी भाषकांसाठी घडविलेल्या आहेत. फ्रेंच भाषकांसाठी त्यांचे रूपांतर करताना अनुसरला जाणारा मार्ग डहाणू तालुक्यातील रानशेतसारख्या गावी कितपत चालेल, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

फ्रेंच मार्ग :
रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी १९८९ मध्ये फ्रेंच भाषेतील संशोधनासाठी प्रश्नावली-रूपांतराची सात टप्प्यांची पद्धती मांडली. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची तपासणी, पूर्वचाचणी, आणि त्यानंतर द्विभाषकांना दोन्ही आवृत्त्या देऊन गुणांची तुलना, असा तिचा गाभा आहे. या पद्धतीतही शब्दाची अडचण सुटत नाही. इंग्रजी 'व्हिव्हिड' या शब्दात स्पष्टता आणि जिवंतपणा एकवटलेले आहेत. फ्रेंचमधील 'व्हिव्हासिते' हा शब्द प्रथम चपळपणा, उत्साह सुचवितो, तर 'क्लार्ते' केवळ स्पष्टता. संशोधकास निवड करावी लागते आणि निवडीबरोबर मोजली जाणारी गोष्टही काहीशी बदलते.

मराठीपुढील प्रश्न :
मराठीत 'स्पष्ट', 'ठसठशीत', 'जिवंत' असे पर्याय आहेत. खरी अडचण वाक्प्रचाराची आहे. 'गाव डोळ्यांसमोर उभे राहिले' असे आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ अनेकदा 'गावाची तीव्र आठवण झाली' एवढाच असतो. आल्फ्रेड बिने यांनी १९०३ मध्ये आपल्या दोन मुलींच्या निरीक्षणांवरून प्रतिमेविनाही विचार होतो, असे दाखविले होते. म्हणजे आठवणे आणि दिसणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रश्नातच 'डोळ्यांसमोर आणा' ही शब्दयोजना केली, तर ज्यास काहीच दिसत नाही तोही प्रामाणिकपणे 'हो, येते' असे उत्तर देईल. 'कल्पना करा' म्हणावे, तर कल्पना म्हणजे विचार असाही अर्थ होतो.

मार्क्स यांच्या प्रश्नावलीत नेहमी भेटणारा आप्त वा मित्र, उगवता सूर्य, नेहमीचे दुकान आणि डोंगर-झाडे-तळे असलेला प्रदेश अशी चार दृश्ये व त्यांवर एकूण १६ प्रश्न आहेत. डोंगर आणि झाडी रानशेतच्या माणसास शिकवावी लागत नाही. महालक्ष्मीचा सुळका या परिसराची खूणच आहे. परंतु दुकानाच्या दृश्यात दर्शनी काचेमागे मांडलेल्या मालाचे रंग आणि आकार विचारले आहेत. फळीवर डबे आणि दारात पोती ठेवणाऱ्या किराणा दुकानाच्या गिऱ्हाइकास ही काच कोठून दिसावी? तेथे मिळालेला कमी गुण प्रतिमाशक्तीचा नसून प्रश्नाचा दोष ठरतो.

श्रेणीही विचारात घ्यावी लागते. १९७३ च्या आवृत्तीत १ म्हणजे प्रत्यक्ष पाहण्याइतके स्पष्ट आणि ५ म्हणजे प्रतिमाच नाही. १९९५ च्या सुधारित आवृत्तीत हा क्रम उलटा झाला. परीक्षेची सवय असलेला विद्यार्थी 'काही दिसत नाही' या उत्तरास नापास होणे समजण्याची शक्यता आहे.

वारली बोलीचा संदर्भ :
ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) वारलीची नोंद मराठीच्या बोलींत केली. त्यामुळे 'मराठी आवृत्ती पुरे' असे वाटणे स्वाभाविक असले, तरी ते योग्य नव्हे. फ्रेंच पद्धतीत द्विभाषक व्यक्ती दोन लिखित, प्रमाण भाषांमध्ये वावरतात. रानशेतमध्ये वारली ही घरची बोली आणि प्रमाण मराठी ही मुख्यतः शाळेची भाषा. म्हणून द्विभाषकांवर आधारलेली तुलना शिकलेल्यांपुरतीच होते आणि शाळेत न गेलेली वडीलधारी माणसे त्यातून वगळली जातात. नेमका हाच टप्पा येथे कोलमडतो.

दुसरा धोका निष्कर्षांचा आहे. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११, निधन २०१८) यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोहोचली. यावरून 'वारली मुले चित्रांतूनच विचार करतात' असे विधान कोणी करील. तर चित्रांतील त्रिकोणी आकृत्यांवरून त्यांच्या मनातील प्रतिमाही तशाच ठोकळेबाज असतात, असे दुसरा म्हणेल. दोन्ही विधाने निराधार आहेत. भिंतीवरील चित्र ही परंपरेने शिकलेली रचना असते, मनाचे छायाचित्र नव्हे.

समारोप :
मापनसाधन परकीय असणे हा दोष नाही. बिने-सायमन कसोटी मूळ फ्रेंच. तिच्या स्टॅनफर्ड आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर सिद्ध केले. मात्र त्यासाठी प्रश्न पुन्हा घडवावे लागतात. रानशेतच्या संदर्भात तीन गोष्टी आवश्यक वाटतात : प्रश्नावली तोंडी, वारली बोलणाऱ्या व्यक्तीकडून विचारली जावी, प्रत्येक दृश्यासाठी 'आठवते का' आणि 'दिसते का' हे प्रश्न स्वतंत्र असावेत, दुकानाचे दृश्य स्थानिक अनुभवातून नव्याने रचावे. एवढे झाल्याशिवाय मिळालेल्या गुणांवरून एखाद्या मुलाच्या मनाविषयी काही लिहून ठेवणे, हे त्या मुलावर अन्यायकारक ठरेल.