आश्रयाचा हक्क : एका क्रियापदाची मीमांसा

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक घोषणापत्राचा गौरव पुष्कळ झाला. त्याच्या शब्दांची छाननी त्या मानाने थोडी झाली. चौदाव्या कलमान्वये छळापासून बचावासाठी परदेशात आश्रय मागण्याचा व तो उपभोगण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मसुद्यात ‘मागण्याचा व मिळण्याचा’ असे शब्द होते. ब्रिटिश शिष्टमंडळाच्या दुरुस्तीने ‘मिळणे’ गेले आणि ‘उपभोगणे’ आले. मागणे हे याचकाच्या हाती, उपभोगणे हे मिळाल्यानंतरचे. मधली देण्याची क्रिया, जिच्यावाचून दोन्ही व्यर्थ, ती कोणाचेच कर्तव्य उरली नाही. हर्श लॉटरपाख्त ह्यांनी ह्या रचनेवर कठोर टीका केली, ती उगीच नव्हे.

समर्थकांचे म्हणणे असे की, आश्रय देणे हे दुसऱ्या राज्याशी वैर करणे ठरू नये, एवढेच ह्या शब्दाने साधावयाचे होते. त्यात तथ्य आहे. परंतु हा लाभ आश्रयदात्या राज्याचा, आश्रिताचा नव्हे. (ह्याच घोषणापत्राचे पहिले कलम केवळ पुरुषवाचक राहू नये, सर्व मानवांचे व्हावे, असा आग्रह हंसाबेन मेहता ह्यांनी धरला व तो मान्य झाला. शब्दांचे मोल प्रतिनिधींना ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही.)

१९५१ च्या निर्वासितविषयक कराराने ही उणीव अंशतःच भरली. जेथे जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासितास परत धाडण्यास ३३ व्या कलमाने मनाई केली. आश्रय देण्याचे बंधन मात्र तेथेही नाही.

भारताने हा करार स्वीकारलेला नाही. येथे निर्वासिताचा मुख्य आधार म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील ‘व्यक्ती’ हा शब्द. त्याच आधारे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या जीवितरक्षणाचा आदेश दिला. २०२१ च्या रोहिंग्यांविषयीच्या अंतरिम आदेशात मात्र, १४ व २१ ही कलमे परकीयांसही लागू आहेत असे मान्य करूनही, हद्दपार न होण्याचा हक्क १९ व्या कलमातील वास्तव्याच्या हक्काशी, म्हणजेच नागरिकत्वाशी, जोडला गेला. हा युक्तिवाद पटत नाही. नागरिकास वास्तव्याचे स्वातंत्र्य आहे, म्हणून परक्यास मृत्यूच्या तोंडी धाडता येते, असे अनुमान त्यातून निघत नाही. परत पाठविल्याने जीव जाणार असेल, तर प्रश्न वास्तव्याचा नसून जीविताचाच आहे. विहित कार्यपद्धतीवाचून हद्दपारी होऊ नये, एवढी अट आदेशाने घातली खरी. परंतु ‘निर्वासित’ म्हणजे कोण, हे १९४६ च्या परकीयांविषयीच्या कायद्याने सांगितले नव्हते, आणि त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदाही ते सांगत नाही.