फ्लशिंगची काडी आणि तिच्यावरचं जिरं

न्यूयॉर्कच्या सात नंबर गाडीनं शेवटच्या स्टेशनला, फ्लशिंगला उतरलात, तर 'चायनीज' म्हणजे मंचुरियन ही समजूत तिथेच सोडा. एखाद्या हातगाडीवरून कोळशाचा धूर येत असेल, तिच्यावरची मटणाची काडी घ्या. सोया सॉस नाही, कॉर्नफ्लोअर नाही; मीठ, लाल तिखट आणि सढळ हातानं टाकलेलं जिरं. चांगल्या काडीवर मांसाच्या तुकड्यांमध्ये एखादा चरबीचा तुकडा असतोच. चरबी वितळून निखाऱ्यावर ठिबकते, धूर होतो आणि निम्मी चव त्या धुराची. काही गाड्यांवर चरबी वगळतात, काड्या आधीच भाजून ठेवतात, वर गोडसर सॉस फासतात. तिथे थांबू नका.

माझी खरी तक्रार पाटीबद्दल आहे. ही काडी मूळची शिनजियांगमधल्या उइगूर लोकांची. ते तिला 'कवाप' म्हणतात, म्हणजे कबाबच. जिऱ्याला 'झिरे' म्हणतात. पाटीवर मात्र नुसतं 'चायनीज बार्बेक्यू'! वडापावला कोणी 'इंडियन बर्गर' म्हटलं की आपण किती चिडतो! तुम्ही मागताना 'कवाप' म्हणून बघा. गाडीवाल्याला कळलं नाही, तर बोटानं दाखवा.