ख्रिस्तपुराणाचं ‘मूळ’: एका शब्दावर आक्षेप

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या मासिक बैठकीत मी फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणावर टिपण वाचलं होतं. त्यात एक वाक्य मोठ्या अभिमानानं टाकलं होतं: मूळ ग्रंथ देवनागरीत लिहिलेला, रोमी प्रत ही नंतरची छपाईची सोय. टाळ्याही पडल्या. आपण सगळे मराठीवाले, टाळ्या पडणारच. मागच्या रांगेत साष्टीतले एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी चहाच्या वेळी हळूच विचारलं, “मूळ म्हणता, ते कशावरून? त्या प्रतीवर लेखकाचा हात आहे का?” मी जस्टिन ॲबटचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “नाव नको, पुरावा सांगा.” तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढं जे वाचलं त्यावरून माझं ते वाक्य मागे घेतो आहे. कारणं इथं देतो.

आधी ज्या गोष्टींबद्दल वाद नाही त्या सांगून टाकतो. स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात पोचला आणि १६१९ मध्ये इथंच वारला. मधली बहुतेक वर्षं साष्टीत गेली. त्याचं पुराण राशोलला रोमी लिपीत १६१६ साली छापलं गेलं, मग १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. दोन भाग, पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पंचाण्णव अवस्वरू आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या. या तिन्ही छपायांपैकी एकाही छपाईची प्रत आज कुणाला ठाऊक नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याचा स्थानिक भाषेविरुद्धचा हुकूम निघाला. त्यानंतर छापील पुस्तक सरलं आणि हातानं उतरवलेल्या वह्या उरल्या, गोव्यात आणि गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घरांत. १९०७ साली मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी अशा रोमी हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याच्या प्रसाद प्रकाशनातर्फे तो देवनागरीत आणला. आपल्यातल्या बहुतेकांनी वाचलाय तो हाच.

या दोन आवृत्त्यांच्या मधे, १९२३ साली, ॲबटचा लेख लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या पत्रिकेत आला. ॲबट म्हणजे आपल्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार. मराठीवर त्यांचं प्रेम होतं आणि माणूस अभ्यासू होता. विल्यम मार्सडेनच्या संग्रहात त्यांना पुराणाचं देवनागरी हस्तलिखित दिसलं. मार्सडेन कंपनीच्या नोकरीत सुमात्राला होता. त्याचा संग्रह आधी किंग्ज कॉलेजकडे गेला आणि पुढं त्या संस्थेत आला. या प्रतीत रोमी परंपरेतल्या पोर्तुगीज-लॅटिन वळणाच्या ख्रिस्ती शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. ॲबटनी लेखाच्या मथळ्यातच या प्रतीला ‘मूळ’ म्हटलं. लेख मोजक्या पानांचा आहे. शोध म्हणून तो मोलाचाच, पण अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाचं मूळ इतक्या जागेत ठरत नाही. मथळ्यातला तो एक शब्द मात्र आपण उचलला आणि शंभर वर्षं सांभाळला.

हे जरा कडक वाटेल, म्हणून मी जिथून शिकलो तिथली गोष्ट सांगतो. बायबलच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना ‘मूळ’ या शब्दाचे चटके आपल्याहून आधी बसले आहेत. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांवर आहेत, आणि लेखकाच्या हातचं त्यांत एकही नाही. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा एक तुकडा आहे, तळहाताएवढा. १९३५ साली सी. एच. रॉबर्ट्स यांनी अक्षरवळणावरून तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. पुढं तो ‘इसवी सन १२५’ म्हणून चर्चमधल्या प्रवचनांत आणि पाठ्यपुस्तकांत गेला, जणू तारीखच लिहिलेली आहे त्यावर! २००५ मध्ये ब्रेंट नॉन्गब्री यांनी तुलनेला घेतलेली सगळी कागदपत्रं पुन्हा तपासली. तसं अक्षर दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, अगदी तिसऱ्याच्या सुरुवातीलाही सापडतं, म्हणून तेवढी मुदत उघडी ठेवा, असं त्यांचं म्हणणं. दुसरी गोष्ट अलीकडची. २०१२ साली अमेरिकेतल्या एका जाहीर वादविवादात मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडल्याचं सांगितलं गेलं. सहा वर्षं त्यावर चर्चा चालली. २०१८ मध्ये तो तुकडा ऑक्सिरिंकसच्या पपायरसांच्या मालिकेत रीतसर छापला गेला, तेव्हा त्याचा काळ निघाला दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवात. दोन्ही तुकडे खरेच आहेत. तारीख मागे ओढली ती हौसेनं.

ॲबटचा लेख नंतर वाचला तेव्हा मला ही हौस ओळखीची वाटली. ती माझीच होती.

आता मूळ मुद्दा. एका प्रतीत संस्कृत शब्द, दुसऱ्या परंपरेत परकी. आधीचं कुठलं? बायबलच्या पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे. जर्मन पंडित बेंगेल यानं १७३४ च्या आपल्या आवृत्तीत तो वापरला. दोन पाठांत अवघड पाठाला आधी मान द्यावा, कारण नकलकार अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. हा नियम लावला तर ओवीत खडा लागावा तसा लागणारा पोर्तुगीज शब्द आधीचा आणि त्याजागी बसवलेला गुळगुळीत संस्कृत शब्द नंतरचा. म्हणजे ॲबट चुकले? इतकं सोपं नाही. गोव्यात पुस्तक छापायचं तर धर्मसत्तेचे परवाने लागत, आणि धर्माच्या संज्ञांवर तिची नजर असे. लेखकानं आधी संस्कृत शब्द घातले आणि छपाईच्या वाटेवर ते बदलून चर्चचे मान्य शब्द आले, हेही सहज घडू शकतं. बदलाला दोन्ही दिशांनी सबळ कारण आहे. तिसरी शक्यताही उरतेच: स्टीफन्सनं स्वतःच दोन प्रकारच्या श्रोत्यांसाठी दोन पाठ केले असतील. नुसत्या शब्दांच्या तुलनेनं इथं निकाल लागत नाही. ॲबटनी मात्र तेवढ्यावरच विसंबून निकाल दिला, असं माझं मत आहे.

आपल्याकडं देवनागरीच्या बाजूनं आणखी एक पुरावा दिला जातो, माझ्या त्या टिपणातही होता. १६०८ च्या डिसेंबरात स्टीफन्सनं रोमला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून या भूमीच्या भाषेत आणि लिपीत पुस्तकं छापायची परवानगी मागितली. अक्षरं जोडाक्षरी असल्यानं सहाशे साचे लागतील, पण ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही केला. वाचून भरून येतं, हे कबूल. पण हे पत्र इच्छा सांगते, पुराण कुठल्या लिपीत लिहिलं ते सांगत नाही. शिवाय ‘या भूमीची लिपी’ म्हणजे नागरीच कशावरून? त्या काळात गोव्यातल्या गावकऱ्यांची दफ्तरं कंदवीत, म्हणजे गोयकानडीत, लिहिली जात. आपण आज नागरी लिहितो म्हणून स्टीफन्सच्या तोंडी नागरी घालून मोकळे होतो.

मग निकाल कशानं लागेल? चुकांनी. एकोणिसाव्या शतकात लाखमान आणि त्याच्या परंपरेतल्यांनी हे पक्कं केलं की प्रतींचं नातं बरोबर पाठांवरून कळत नाही, सारख्या चुकांवरून कळतं. दोन मुलांनी गणित बरोबर सोडवलं तर काही सिद्ध होत नाही. दोघांनी एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक केली तर मास्तर काय समजायचं ते समजतात.

इथं दोन लिपी असल्यानं हे हत्यार फारच धारदार होतं. रोमी लेखनात मूर्धन्य अक्षर दाखवायला अक्षर दुहेरी लिहीत: ‘न’ला एक एन, ‘ण’ला दोन, ‘ल’ला एक एल, ‘ळ’ला दोन. ऱ्हस्वदीर्घ मात्र दाखवत नसत. त्यामुळं पी-ए-एल-ए अशी चार अक्षरं दिसली तर तो ‘पाल’ही असू शकतो आणि ‘पाला’ही, नकलकारानं दुसरा एल गाळला असेल तर ‘पळ’ किंवा ‘पाळा’सुद्धा. (उदाहरण माझं, पुराणातलं नव्हे.) मार्सडेन प्रत रोमीवरून उतरवली असेल तर तिच्यात अशा जागी घसरलेले काने आणि न-ण, ल-ळ यांची अदलाबदल सापडेल. उलट रोमी परंपरा नागरीवरून आली असेल तर रोमी वह्यांत नागरी डोळ्याच्या चुका सापडतील: घ चा ध, भ चा म, थ चा य. रोमीत ही अक्षरं एकमेकांसारखी दिसतच नाहीत, त्यामुळं अशी चूक रोमीतून रोमीत उतरवताना होणार नाही. कानाच्या चुका बाजूला ठेवायला हव्यात, कारण ओवी गायली जाते आणि गाणाऱ्याच्या तोंडून लिहिणाऱ्याची चूक लिपी सांगत नाही. डोळ्याच्या चुका तेवढ्या मोजायच्या. ॲबटच्या लेखात असा हिशेब नाही.

याच कारणानं बंडेलूंच्या आवृत्तीवरही मी एक आक्षेप घेतो, त्यांचे उपकार मान्य करून. त्यांच्यामुळं पुराण मराठी घरात आलं. पण त्या पानावरची नागरी १९५६ ची आहे. प्रत्येक काना, प्रत्येक दीर्घ वेलांटी ही रोमी अक्षरांतून संपादकानं केलेली निवड. बहुतेक ठिकाणी ती बरोबरच असणार. पण आपले लोक ते पान उघडतात, भाषेवर निबंध लिहितात आणि ‘स्टीफन्स असा उच्चार लिहितो’ म्हणून मोकळे होतात. मार्सडेनची नागरी आणि बंडेलूंची नागरी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे आपल्या संकेतस्थळावरच्या निदान तीन निबंधांत सुटलं आहे. एक माझाच.

ही शिस्त काही परदेशी नवलाई नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. स्टीफन्स तेव्हा गोव्यात पाच वर्षांचा झाला होता. पुण्यात सुकथनकरांनी महाभारताचं आदिपर्व १९३३ मध्ये पुरं केलं, तेव्हा स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले सगळे पाठ खाली, असं पान त्यांनी मराठी माणसाला दाखवलं. बायबलवाले तर श्रद्धेच्या ग्रंथात हे करतात. मार्काच्या शेवटच्या बारा ओळी व्हॅटिकन आणि सिनाई या चौथ्या शतकातल्या दोन थोर प्रतींत नाहीत. आजच्या अनेक बायबलांत त्या कंसात छापून खाली तशी टीप दिलेली असते. भाविकांची श्रद्धा त्या टिपेनं बुडाल्याचं ऐकिवात नाही. मग आपली अस्मिता एका तळटिपेला का घाबरते?

‘मूळ’ हा शब्दच अलीकडं तिकडं ढिला झालाय. एल्डन एप यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अभ्यासक तो शब्द तीन-चार अर्थांनी वापरतात आणि कुठला अर्थ ते सांगत नाहीत. डेव्हिड पार्कर यांनी १९९७ च्या पुस्तकात नकलकाराकडं नुसता चुका करणारा म्हणून पाहायचं सोडलं. माझ्या मनात तेव्हापासून मार्सडेन प्रतीचा अनाम लेखक घर करून आहे. समजा तो नंतरचा आहे. समजा रोमी वही समोर ठेवून, एकेक परका शब्द उचलून, ओवीचं वजन सांभाळत त्यानं त्या जागी संस्कृत शब्द बसवला. मग हे केवढं काम! कुणासाठी केलं त्यानं? ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांसाठी? स्वतःच्या कानासाठी? त्याच्या प्रतीला ‘मूळ’ म्हणून आपण त्याचं सगळं श्रेय स्टीफन्सला देऊन टाकतो. आणि उद्या कुणी ती ‘भ्रष्ट’ म्हणून बाजूला सारली, तरी तो माणूस पुसला जाणारच.

मी आता एक वही आखली आहे, तीन रकान्यांची: सालढाणा, बंडेलू, मार्सडेन. पहिल्या अवस्वरूपासून डोळ्याच्या चुका तेवढ्या टिपायच्या. ते शिक्षकही सोबत बसायला तयार झालेत, अट एकच, “आधी ठरवून बसायचं नाही.” मंडळातल्या कुणाच्या घरी, विशेषतः साष्टी, बारदेश किंवा मंगळूरकडच्या नातेवाइकांकडं, पुराणाची रोमी वही असेल तर कळवा. छायाचित्रं घ्याल तर कोरी पानंही घ्या, समासातले हिशेब आणि नावंसुद्धा. आणि कृपा करून शुद्धलेखन सुधारून उतरवून पाठवू नका. त्यातल्या चुका हव्या आहेत.