नामदेवांचे समाधीचे अभंग : वियोगापूर्वींचा शोक

कार्तिक महिना लागला, कीं कोंकणांतल्या दिंड्या जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें आळंदीस जाऊं लागतात. खालापूर तालुक्यांतील आमचें लोधिवली हें गांव याच रस्त्यावर असल्यामुळें टाळमृदंगांचा आवाज येथें घरांत बसूनहि कानीं येतो. गेल्या कार्तिकांत तो आमच्या घरच्या एका खाटेपर्यंत पोंचत होता. आमच्या थोरल्या काकूंस मुंबईच्या एका रुग्णालयांतून घरीं आणिलें होतें. आतां औषधानें गुण येण्यासारखा नाहीं, हें डॉक्टरांनीं मुलांस बाजूला घेऊन सांगितलें होतें. घरांत हें सर्वांस ठाऊक होतें, आणि कोणीहि तें बोलत नव्हतें. जो तो काकूंपाशीं जाऊन "आतां बरें वाटेल हं" म्हणे, आणि ओटीवर येऊन डोळे पुसी. त्या दिवसांत नामदेवांच्या गाथेंतील ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंग आम्हीं पुन्हा वाचले. पूर्वी ते भक्तीचें काव्य म्हणून वाचले होते. या वेळीं त्यांत निराळेंच कांहीं आढळलें. तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

मरणानंतरच्या शोकाला आपल्या वाङ्मयांत तोटा नाहीं. विलापिका आहेत, स्मृतिलेख आहेत, गेलेल्या माणसाच्या आठवणी आहेत. अलीकडच्या रंगभूमीवरील दोन नामांकित नाटकें घ्या : सतीश आळेकरांचें 'महानिर्वाण' (१९७४) आणि महेश एलकुंचवारांचें 'वाडा चिरेबंदी' (१९८५). दोन्हींत नाटकाचें सारें चक्र फिरतें तें माणूस गेल्यावर. परंतु माणूस अजून समोर आहे, बोलतो आहे, आणि तो जाणार हें सर्वांस कळलें आहे, अशा वेळीं घरच्यांच्या मनाची जी अवस्था होते, तिच्याविषयीं आपण फारसें लिहिलेलें नाहीं. तसें बोलणें अभद्र, ही आपली समजूत. समाधीचे अभंग या समजुतीला मुळींच जुमानीत नाहींत.

परंपरेप्रमाणें ज्ञानेश्वरांनीं शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, म्हणजे इ. स. १२९६ मध्यें, आळंदीस समाधि घेतली. या अभंगांपैकीं नामदेवांचे किती आणि मागाहूनचे किती, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. रसग्रहणास त्या वादाची अडचण नाहीं. आमच्या मतें या प्रकरणाचा खरा नायक ज्ञानदेव नव्हेत. ते शांतच आहेत. नायक आहेत निवृत्तिनाथ. ते थोरले बंधु, शिवाय गुरु. ज्यांनीं आत्मज्ञान दिलें, त्यांनीं तरी धीर धरावा, अशी आपली अपेक्षा. कवि ती मोडून टाकतो. मनाची समजूत घालतां घालतां निवृत्तिनाथ थकतात. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी वाटेल तिकडे धांवावें, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावें, हरिणीवांचून पाडसांनीं दाही दिशा भटकावें, तशी त्यांना आपली दशा वाटते. मायबाप टाकून गेले तेव्हांहि असें संकट आलें नव्हतें, असें ते म्हणतात.

या उपमा निरखून पाहाव्या. त्यांत जाणाऱ्याचें वर्णन नाहीं. मागें राहणाऱ्यांना बांधून ठेवणारें जें कांहीं होतें, तें सुटल्याचें वर्णन आहे. कार्तिकांत भाताच्या पेंढ्या बांधणाऱ्या आमच्या भागांत ही उपमा कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. आणि अभंगाच्या शेवटीं कवि देवापाशीं मागणें मागतो तें निवृत्तीसाठीं : त्यांचें समाधान करा. जाणाऱ्यासाठीं येथें मागणें नाहीं.

दुसरी गोष्ट कामाची. समाधीची जागा झाडावयास नामदेवांचे चारी पुत्र जातात. समाधीकडे निघतांना ज्ञानदेवांचा एक हात देवाच्या हातीं आणि दुसरा निवृत्तीच्या हातीं आहे. शिळा लावली जाते तीहि निवृत्तीच्याच हातून. जो सर्वांत अधिक रडला, त्यानेंच हात धरला, आणि शेवटचें कामहि त्यानेंच केलें.

पाश्चात्य वैद्यकानें या शोकाला नांव दिलें तें १९४४ सालीं. अमेरिकेंतील मनोवैद्य एरिक लिंडेमान यांनीं युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरीं हा आगाऊ शोक पाहिला. त्यांनीं एक धोकाहि नोंदविला : कोणी तो शोक आधींच इतका पुरा करतें, कीं जिवंत परतलेल्या माणसाला घरांत जागाच उरत नाहीं. पुढें १९६७ त सिसिली सॉन्डर्स यांनीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर हें शुश्रूषागृह काढलें. १९८६ त मुंबईस वांद्र्याला 'शांति आवेदना सदन' निघालें, तें हिंदुस्थानांतील अशा प्रकारचें पहिलें. रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांचीहि शुश्रूषा व्हावयास हवी, हें या कार्याचें मुख्य सूत्र. नामदेवांच्या मागण्यांत तेंच सूत्र आहे. आणि लिंडेमान यांनीं सांगितलेल्या धोक्यावरचा उताराहि निवृत्तिनाथांच्या वर्तनांत आहे. त्यांनीं शोक केला, पण हात सोडला नाहीं.

या काव्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. ज्ञानदेवांच्या जाण्यांत वेदना नाहीं, खर्च नाहीं, रात्रीचीं जागरणें नाहींत. दिवस ठरलेला आहे. घरच्या आजारांत तिथि कोणी सांगत नाहीं. महिनेच्या महिने आशा आणि निराशा यांच्यामध्यें हेलकावे खावे लागतात. वेदनेवर औषधच हवें; अभंगानें ती शमत नाहीं. शिवाय निवृत्तीच्या शेजारीं प्रत्यक्ष देव उभा आहे. ज्यांची तशी श्रद्धा नाहीं, त्यांना हें सांत्वन अपुरें वाटेल. आम्हीं तें नाकारीत नाहीं.

तरीहि एक प्रसंग सांगतों. त्रयोदशीच्या आधीं चार दिवस एक दिंडी रस्त्यानें गेली. काकूंनीं ती ऐकली आणि म्हणाल्या, "अरे, ओटीवर जाऊन कशाला रडतां? इथें माझ्यापाशीं बसून रडा. मला एकटीला ठेवूं नका." त्यांस सर्व कळलेलें होतें, आमच्या न बोलण्यानें त्या एकट्या मात्र पडल्या होत्या. त्या दिवसापासून ओटीवरचें रडणें थांबलें. मुलगा त्यांचा हात धरून बसूं लागला. कोणाचें देणें राहिलें आहे, कोणतें लुगडें कोणत्या सुनेला द्यावयाचें, हें त्यांनीं सावकाश सांगितलें. मध्यें त्या रडल्या, मध्यें हंसल्याहि. मार्गशीर्षांत त्या गेल्या. शोक कमी झाला असें नाहीं. पण सांगावयाचें राहून गेलें, ही टोंचणी घरांत कोणाला उरली नाहीं.

समाधीचे अभंग आळंदीस कार्तिकांत ऐकावयाचे, अशी रूढि आहे. ज्या घरांत खाट पडली आहे, त्या घरींहि ते एकदां वाचावे, आणि वाचून झाल्यावर ओटीवरून उठून आंत जावें.