पगार महिन्याचा, तास आठवड्याचे

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे आपलं पीएलएफएस, २०१७ पासून घरोघरी जाऊन कमाई आणि कामाचे तास दोन्ही विचारतं. हे त्याचं मोठं बळ. पण एकाला दुसऱ्याने भागून ‘ताशी पगार’ काढणार असाल, तर जरा थांबा. नोकरदाराचा पगार नोंदतात मागच्या कॅलेंडर महिन्याचा. तास मात्र मागच्या सात दिवसांचे.

समजा, परळच्या ऑफिसातल्या शिपायाचा पगार १८,००० रुपये. आठवड्याला ४८ तास, म्हणजे ताशी साधारण ८७ रुपये. तो गणपतीला तीन दिवस भरपगारी रजेवर कोकणात गेला आणि परतल्या परतल्या सर्वेक्षणवाले दारात आले. तास भरले २४, आकडा थेट १७४! हातात मात्र एक रुपयाही जास्त आलेला नाही. जादा ड्युटीच्या आठवड्यात याच्या उलट होतं.

मोठ्या नमुन्यात यातलं बरंच जिरतं. एका तिमाहीतल्या एकट्या मुंबईच्या नोंदी घेतल्यात, तर जिरेलच असं नाही. रोजंदारीची मजुरी त्याच सात दिवसांची असते, तिथे भागाकार चालतो. नोकरदारांचे पगार आणि तास मात्र वेगळ्या तक्त्यांत मांडा. आणि डेटा उघडण्याआधी प्रश्नावली वाचा.